घरचं तसंच आहे

मंगळ एका गोदामात होता. गोदामात पत्र्याचं बंद घर, घरात सहा माणसं आणि एकच दार. खऱ्या मंगळाच्या वाटेवर माणसं एकमेकांचे गळे न धरता टिकतात का, हे बघायला त्यांना वर्षभर कोंडलं होतं. दार आतून केव्हाही उघडायचं. पण ज्यानं उघडलं, त्याचा मंगळ तिथेच संपला.

आत धाकटी. बाहेरच्या खोलीत माइकपाशी थोरली.

व्हायचं होतं उलटं.

निवडीत थोरलीच पुढे होती. मग तपासणीत डॉक्टरांनी धाकटीला सहज विचारलं, बहिणीबद्दल काही? "ताई झोपेत चालते," धाकटी म्हणाली. खोटं नव्हतं. आई गेली त्या आठवड्यात आठ वर्षांची थोरली झोपेत जिन्यापर्यंत गेली होती, आणि हाताला धरून तिला परत आणलं होतं धाकटीनंच. तेवढं एकदाच, हे सांगायचं मात्र ती विसरली. थोरलीची जागा तिला मिळाली.

थोरली काही विसरली नाही.

*

आत जाण्याआधी प्रत्येकाला विचारतात, घरी वाईट घडलं तर कळवायचं का? धाकटी ठसक्यात म्हणाली होती, "काही सांगू नका. मी मंगळावर असेन."

अशांसाठी एक ठरलेलं वाक्य असतं. घरी लग्न असो की मयत, दर रविवारी तेच ऐकवायचं: घरचं तसंच आहे.

या रविवारी थोरलीनं हवा सांगितली, पाण्याचा साठा सांगितला, कामं सांगितली. आणि माइक बंद केला.

शेजारच्या खुर्चीतला बोका (मिशांमुळे सगळे त्याला बोकाच म्हणत) दचकला. "वाक्य राहिलं तुझं."

"राहिलं नाही. बोलले नाही."

"अगं, घरी काही झालंय का?"

"काही नाही."

"मग आण इकडे माइक, मी बोलतो."

"आज माइक माझा आहे. तू चहा पी."

*

जाणारी बारा मिनिटं.

(आवाज मुद्दाम अडवून धरत. मंगळाइतकं अंतर वाटावं म्हणून बारा मिनिटं जायला, बारा यायला.)

बाबांचा फोन आला. "टीव्हीचा रिमोट कुठे ठेवलास?"

"उशीखाली बघा."

"तिथेच आहे की. धाकटी काय म्हणते?"

"कळेल आता."

*

येणारी बारा मिनिटं.

बोका मिशी चावत बसला. थोरलीनं चहा संपवला, कप विसळला, पालथा घातला.

स्पीकर खरखरला. धाकटी हसत होती. "ताई, वाक्य विसरलीस की गं. म्हातारी झालीस."

ते हसणं अजून खोलीत होतं तोच भिंतीपलीकडे लोखंडी दार करकरलं. दाराच्या आवाजाला कोणी बारा मिनिटं अडवत नव्हतं.

*

धाकटी अनवाणीच आली. चेहरा पिठासारखा पांढरा. मागून डॉक्टर धावत होते.

"बाबा?"

थोरलीनं या क्षणाची किती वाट पाहिली होती. शब्द तिनं सावकाश, गोळी चघळावी तसे उच्चारले.

"घरचं तसंच आहे."

धाकटीला कळायला वेळ लागला. कळलं तशी ती समोरच्या स्टुलावर बसली. "एवढ्यासाठी?"

"तू जिन्याचं सांगितलंस. मी तर काहीच सांगितलं नाही."

गोड लागेल असं थोरलीला वाटलं होतं. लागलंही. बोका उठून दाराशी जाऊन उभा राहिला.

पण धाकटीचे उरलेले निरोप अजून वाटेतच होते. स्पीकर पुन्हा खरखरला.

"ताई? बाबा बरे आहेत ना?"

मग नुसता श्वास. मग घाईघाईनं, रडत: "ताई, तू एकटी काही करू नकोस. मंगळ गेला खड्ड्यात. मी येतेय, तुला एकटीला नाही सोडणार."

थोरलीचा हात बटणाकडे गेला. धाकटीनं तो मनगटापाशी घट्ट धरला.

"बंद नाही करायचं," ती म्हणाली. "अजून बरंच यायचंय. बस, ऐक सगळं."