टोपलीतले कांदे

मी एक जुनी टोपली आहे, आणि माझ्या पोटात लोकांनी कांदे भरले. मित्रांनो, हा अपमान मी हळू आवाजात सांगणार नाही.

रिसोडच्या बाजारात फुलचंदने मला बांबूच्या कामट्यांनी घट्ट विणले. किन्हीराजा गावच्या शिक्षिका दुर्गाबाई यांनी मला मानाने आपल्या लिहिण्याच्या मेजाखाली बसवले. तीस वर्षे त्यांनी टाकलेले कागद मी गिळले. त्यांची प्रत्येक कथा छापून येण्याआधी आठ-आठ वेळा माझ्या पोटात गेलेली आहे. कौतुक मात्र त्यांचे झाले. असो.

बाईंची एक रीत होती. लिहिलेले पान त्या शेजारच्या भुरीबाईला वाचून दाखवीत. भुरीबाईला अक्षरओळख नाही. ती सुपात तूर निवडत ऐके. तिचा हात थांबला, तर पान राही. हात चालूच राहिला, तर पान माझ्यात.

पुढे बाईंचे डोळे अधू झाले, लिहिणे थांबले आणि माझ्यात कांदे आले.

परवा बाईंची जुनी विद्यार्थिनी रूपाली आली. हिला लेखिका व्हायचे आहे. कथास्पर्धेची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. आईवरची कथा तिने एका बैठकीत लिहिली होती आणि एकही शब्द खोडला नव्हता, याचाच तिला अभिमान! मैत्रिणींनी फोनवर 'सुंदर' म्हटले होते ना!

"भुरीबाईले वाचून दाखव," बाई म्हणाल्या.

रूपाली वाचू लागली. कथेत विळ्याने सोयाबीन सोंगणारी आई म्हणत होती, 'हे कन्ये, ज्ञानाचा दीप प्रज्वलित कर!' माझ्या कामट्या संतापाने करकरल्या. भुरीबाईचा हात एकदाही थांबला नाही.

"तुही माय अशी बोलते काय वं?" तिने विचारले. "का तिले भाषणाले उभी केली?"

"तुमाले काय समजते कथेतलं?" रूपाली उसळली.

"कथेतलं नाई समजत. तुह्या मायले वळखतो मी."

"मंग काय लिहू? इळ्यानं बोट कापलं, चिंधी गुंडाळली अन् सोंगतच राह्यली, हे लिहू? घरी चाल म्हटलं त मलेच म्हणे, 'रडू नोको, माही सोंगायची पात मांगं पडते', हे लिहू?"

सुपातला हात थांबला होता.

"हेच लिही," बाई म्हणाल्या.

"पण बाई, आज शेवटची तारीख हाय!"

"जाऊ दे तारीख. खोटी माय एकदा छापून आली, तर खरी कोण लिहीन?"

रूपालीने फोन पालथा ठेवला. मग तिने मला उचलून उपडे केले. कांदे घरभर घरंगळले. सगळी अकरा पाने तिने माझ्यात टाकली आणि कोरा कागद घेतला.

काल ती पुन्हा आली होती. भुरीबाईचा हात दोनदा थांबला. बाकीची पाने माझ्याकडे आली, आणि ती टाकताना रूपाली रडली नाही.

लिहू पाहणाऱ्या माझ्या मित्रांनो, नीट ऐका. तुमची स्तुती न करणारा एक माणूस शोधा आणि त्याला मोठ्याने वाचून दाखवा. आपल्या माणसांच्या तोंडी परके शब्द कोंबू नका. आणि मेजाखाली एक टोपली ठेवा. तिच्यात कांदे भराल, तर याद राखा!