पुढे डिस्क, मागे दादा

वडील गेले ते गाडीची वाटणी करून गेले. बाकी सगळं आईच्या नावावर होतं, पण गाडीवरून दोघं भावंडं एकमेकांच्या झिंज्या उपटणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी दोघांना उशाशी बोलावलं आणि म्हणाले, “पुढची अर्धी हिची, मागची अर्धी ह्याची.” मग पाणी मागितलं. जास्त खुलासा मिळालाच नाही.

ही म्हणजे दातांची डॉक्टर. कॉलनीत सगळे तिला डॉक्टरबाईच म्हणायचे. किडलेलं दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. तिचा मोठा भाऊ, म्हणजे दादा, संग्रहालयात जुन्या वस्तू सांभाळायचा. एखाद्या मडक्याची धूळ झटकायची तरी तो आधी मडक्याची परवानगी घ्यायचा म्हणे. आणि गाडी दोघांपेक्षाही वयानं मोठी होती. गोल डोळ्यांची, सायीच्या रंगाची, सुरू व्हायला तयार आणि थांबायला नाखूश.

वाटणीप्रमाणे डॉक्टरबाई चालवायची आणि दादा मागच्या सीटवर बसायचा. वर्षभर बरं चाललं. मग एका सकाळी बाजाराच्या उतारावर डॉक्टरबाईनं ब्रेक दाबला, आणखी दाबला, शेवटी जवळजवळ उभी राहून दाबला. गाडी हळूहळू, काही घाई नसल्यासारखी, फर्निचरच्या दुकानात शिरली आणि एका सोफ्याला टेकून थांबली. सोफ्यावर बसून पाहणारं गिऱ्हाईक म्हणालं, “स्प्रिंगा चांगल्या आहेत हो.”

गॅरेजवाल्याला सगळे ‘पाना’ म्हणायचे. त्यानं चाक उघडून दाखवलं. “बाई, हा ड्रम. डबाच म्हणा ना. ब्रेक दाबला की आतल्या दोन पट्ट्या फाकतात आणि डब्याला आतून घासतात. उतारावर तापल्या की पकड जाते. डिस्क बसवू. उघडी तबकडी असते, तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरायचं.”

“पक्कडीसारखं?” डॉक्टरबाईचे डोळे चमकले.

“अगदी तसंच.”

“काढा ते ड्रम. मुळापासून काढा.”

दादाला कळलं तेव्हा तो जेवणावरून उठून आला. “छोटे, ते मूळ ड्रम आहेत! ज्यांनी घडवले त्यांनी काही विचार केला असेल की नाही?”

“त्यांनी सोफ्याचा विचार केला नव्हता.”

“तुझ्या अर्ध्यात काय हवं ते कर. माझ्या मागच्या दोन चाकांना कुणी हात लावायचा नाही.”

पाना मधे पडला. “साहेब, काही बिघडत नाही. पुढे डिस्क, मागे ड्रम, असं पुष्कळजण करतात. मधे एक व्हॉल्व्ह टाकतो. बाईंनी पाय दिला की पुढे किती जोर, मागे किती जोर, ते तो वाटून देतो.”

“म्हणजे हिच्या पायानं माझी चाकं थांबणार?” दादाचा चेहरा पडला. “नाही जमायचं. माझ्या चाकांना माझं पेडल हवं.”

कुणीही शहाणा माणूस इथे हात जोडून आत गेला असता. पण पाना आयुष्यभर तेच तेच ऑइल बदलून कंटाळला होता. त्यानं डोकं खाजवलं, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, “होईल!”

आणि झालंही. पुढच्या चाकांना चकचकीत तबकड्या लागल्या. मागच्या सीटपुढे, दादाच्या उजव्या पायाखाली, स्वतंत्र पेडल आलं. पानानं एकच बजावलं, “दोघांनी एकदम दाबायचं. एकट्या पुढच्यानं दाबलं तर गाडी नाक खुपसते, एकट्या मागच्यानं दाबलं तर शेपूट फिरवते.”

त्यावर कॉलनीची करमणूक सुरू झाली. चौक आला की डॉक्टरबाई ओरडायची, “दादा, ब्रेक!” मागून यायचं, “नीट सांग.” कधी दादाला रस्त्यात एखादी जुनी कमान दिसायची आणि तो न विचारताच पेडल दाबून ती बघत बसायचा. मागच्या गाड्या भोंगे वाजवायच्या आणि शिव्या मात्र पुढच्या अर्ध्याला बसायच्या.

गाडीत बदल केला म्हणून सरकारी तपासणी करून घेणं भाग होतं. त्या दिवशी आईही बरोबर आली, कारण परतताना तिला डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं होतं. ती डॉक्टरबाईच्या शेजारी पर्स मांडीवर घेऊन बसली.

तपासणी अधिकाऱ्यानं खिडकीतून आत डोकावलं. “चालक कोण?”

“मी,” डॉक्टरबाई म्हणाली.

“पुढच्या दरवाजापर्यंत,” दादा म्हणाला.

अधिकाऱ्यानं मागचं पेडल पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं. “आणि हा हँडब्रेक कुणाचा?”

“दांडा माझ्या अर्ध्यात आहे,” डॉक्टरबाई.

“तार माझ्या चाकांना जाते,” दादा.

“बरं, बरं,” अधिकारी घाईघाईनं म्हणाला. मैदानाच्या टोकाला जाऊन त्यानं एक लाल शंकू ठेवला आणि त्याच्या शेजारी उभा राहिला. “या, आणि इथे थांबा!”

गाडी निघाली. “दादा, मी एक दोन तीन म्हणते. तीनला दाबायचं.”

“तीनला, की तीन म्हणून झाल्यावर?”

“तीनला म्हणजे तीनला!”

“‘ती’ म्हणताना, की ‘न’ म्हणताना?”

“दादा, शंकू आला!”

“मग मोज ना!”

“एक, दोन... तू तयार आहेस का?”

“आता परत एकपासून मोज. मधे प्रश्न विचारलास.”

अधिकारी एक पाऊल मागे सरला, मग भराभर बरीच. शंकू गाडीखाली गेला. डॉक्टरबाई भावाकडे वळून ओरडत होती, भाऊ पुढे वाकून ओरडत होता. तेवढ्यात आईनं पर्स बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी हँडब्रेक वर ओढला.

गाडी कर्रकन थांबली. अधिकाऱ्याच्या पँटच्या इस्त्रीला बंपर नुसता टेकला होता.

मग आई म्हणाली, “मधलं माझं आहे. तुमच्या बाबांना सांगायचं राहिलं असेल, पण माझंच आहे.” आणि अधिकाऱ्याकडे वळून, “सॉरी हं. लागलं नाही ना?”

“नाही,” तो म्हणाला. “पण ही गाडी पास नाही. मी हे घरी सांगितलं तर बायको मला दवाखान्यात नेईल.”

गॅरेजमध्ये आईनं स्वतःच हुकूम सोडला. एक पेडल, मधे व्हॉल्व्ह, चारही चाकं एका पायाखाली. डॉक्टरबाईनं मान डोलावली. दादानं तोंड फिरवलं. मग म्हणाला, “माझं पेडल तरी काढू नका.” पानानं पेडलाची ब्रेककडे जाणारी नळी सोडवून टाकली आणि ते तसंच ठेवलं, कशालाही न जोडलेलं.

दुसऱ्या खेपेला गाडी पास झाली. परतताना पहिल्याच चौकात डॉक्टरबाईला आरशात दादाचा गुडघा वर जाताना आणि दात-ओठ खाऊन खाली दाबला जाताना दिसला. तिनंही ब्रेक दाबला. गाडी लोण्यासारखी थांबली.

“बघितलंस?” दादा म्हणाला. “ड्रम ते ड्रम.”

डॉक्टरबाईच्या जिभेवर उत्तर आलं होतं. शेजारी बसलेल्या आईनं तिच्या गुडघ्यावर हळूच हात ठेवला.

“हो रे दादा,” ती म्हणाली, “मस्त थांबवलीस.”