गटलूचे डोळे

मित्रांनो, मी एक जुना कुंचला आहे. माझे केस वाळून दगड झाले आहेत, आणि ते कुणामुळे, हे मी आज सांगणारच!

मी खारीच्या केसांचा. कोल्हापुरात पाट्या रंगवणाऱ्या धम्मपालांनी मला बारीक रेघांसाठी जिवापाड जपले. काम झाले की धुणार, टोक काढणार, मगच स्वतः जेवणार. पुढे त्यांनी मला लेकीच्या, दीक्षाच्या हाती दिले. "केस मोडू दिऊ नगंस, बाय," एवढेच म्हणाले.

१९९९ साली गल्लीतल्या बालवाडीची भिंत दीक्षाला मिळाली. तिचे पहिलेच काम. पोरांना हवा होता टीव्हीवरच्या कार्टूनमधला गटलू बोका, आणि दीक्षाला वेड अजिंठ्याच्या चित्रांचे. तिने दोन्ही जमवले! गेरूच्या रंगातला गटलू, डोक्यावर मुकुट, पंजात कमळ, मान जराशी कललेली. लोक आधी हसायचे, मग बघतच राहायचे. डोळे तेवढे बाकी होते. मूर्तीसारखे चित्राचे डोळेही शेवटी उघडायचे, ही त्यांच्या घरची रीत. अर्ध्या मिटलेल्या पापणीची ती रेघ मीच ओढणार होतो. दुसऱ्या दिवशी भिंतीचे उद्घाटन होते; सकाळी, चांगल्या उजेडात काढू म्हणून मला खिडकीत ठेवून दीक्षा घरी गेली.

संध्याकाळी बालवाडी चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष गणपतराव तयारी बघायला आले. "आयला, पोरगी डोळंच इसरली की!" असे म्हणून त्यांनी मला दाराच्या काळ्या ऑइलपेंटात बुडवले, दोन वाटोळे ठिपके ठोकले आणि तसेच खिडकीत फेकून गेले. अहो, विचारायला तोंड नव्हते?

सकाळी दीक्षा भिंतीपुढे उभी राहिली आणि रडू लागली. ठिपके खरवडले तर गिलावाच निघाला. मला रॉकेलमध्ये भिजवले, पण केस सुटेनात.

गणपतराव हार घेऊन आले. "आं? डोळं कुठं गेलं? म्या काढल्यालं की!"

"डोळं मुद्दाम बाकी ठिवल्यालं, काका. एकदा इचारायचं तरी!"

"अगं, मदतच केली न्हवं?"

मदत! मित्रांनो, दुसऱ्याचे अर्धे काम दिसले तर आधी विचारा. आणि कुंचला वापरलात तर धुवा!

दीक्षाने ती भिंत पुन्हा रंगवली नाही. पोरांनी डोळ्यांचे विचारले, तेव्हा म्हणाली, "अध्यक्षांस्नी इचारा." आजही गणपतराव रस्त्यात दिसले की बालवाडीतली पोरे ओरडतात, "काका, गटलूचं डोळं द्या की!"

मीही दीक्षाच्या डबीतून ओरडतो, "आणि माझे केस?"