कोरा चेहरा? मुळीच नाही!

मित्रांनो, मी एक जुनी फिल्मची पट्टी आहे. कडा ठिसूळ झाल्या, अंगावर ओरखडे आले. पण तुटले नाही.

माझी कुळकथा शंभर वर्षांपूर्वीच्या रशियातली. कुलेशोव्ह नावाच्या तरुण दिग्दर्शकाने एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला. त्या दृश्यापुढे एकदा सूपच्या वाटीचे दृश्य जोडले, एकदा शवपेटीचे, एकदा तरुणीचे. चेहरा तोच, पण लोकांना त्यात भूक, दुःख, प्रेम दिसले, असे सांगतात. ती मूळ पट्टी आता उरलेली नाही. तपशीलही जो तो वेगळे सांगतो.

मी जन्मले इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये. सुचेताबाई तिथल्या कॉलेजात फिल्मची जोडणी शिकवत. हाच प्रयोग दाखवायला त्यांनी नवऱ्याला, मुरलीधररावांना, कॅमेऱ्यापुढे बसवले.

“अहो, चेहऱ्यावर काही म्हणजे काही आणू नका.”

“कारखान्यात दिवसभर तेच करतो की!”

मग त्यांच्या चेहऱ्याशेजारी वरणभाताचे ताट आले, रिकामा पाळणा आला. विद्यार्थी हळहळत, “काय अभिनय!” म्हणत. सुचेताबाई हसून सांगत, “अभिनय कसला? चेहरा कोरा आहे.” आणि माझे शेवटचे टोक येण्याआधीच प्रोजेक्टर बंद करत.

कोरा! वर्षानुवर्षे मी हे ऐकून घेतले. पुढे कॉम्प्युटर आले आणि माझी रवानगी जिन्याखालच्या कपाटात झाली.

यंदा मुरलीधरराव गेले. नात ईशिता मला कपाटातून काढून कात्री घेऊन आली.

“आजी, सगळीकडे आजोबांचा सेम फेस आहे. कट करून फॅमिलीत सगळ्यांना एकेक पीस देऊ या?”

मला ओरडता आले असते, तर घर हादरले असते!

“ठेव ती कात्री,” सुचेताबाई म्हणाल्या. “आधी शेवटपर्यंत बघ.”

त्यांनी जुना प्रोजेक्टर लावला. ताट गेले, पाळणा गेला. या वेळी त्यांचा हात बटणाकडे गेला नाही. माझ्या शेवटच्या टोकाला मुरलीधररावांचे ओठ थरथरले, आणि ते खदखदून हसले.

“आजोबा कुणाकडे बघून हसतायत?”

“कॅमेरा कोण चालवत होतं, वेडे?”

ईशिताने कात्री परत ड्रॉवरमध्ये टाकली.

मित्रांनो, जुन्या वस्तूचा तुकडा हवा असेल, तर आधी ती अखंड बघा. मग या खुशाल कात्री घेऊन. मी घाबरत नाही!