राहुकाळात भाग्यलक्ष्मी

मल्लाप्पाची गाडी भाड्यानं घेण्यात श्रीकांतचा हेतू आरामाचा नव्हता. त्याला सासऱ्यांना गप्प बसवायचं होतं.

सांगलीचे निवृत्त मामलेदार मल्हारराव लेकीचा संसार बघायला पहिल्यांदाच बंगलोरला यायचे होते, आणि येताना जावयासाठी नोकरी घेऊन येणार होते. पुण्याला त्यांचे स्नेही खंडोजी यांच्या कारखान्यात एक जागा त्यांनी जवळजवळ भरूनच ठेवली होती. मुलगी कानडी मुलखात एकटी पडते, हे त्यांचं म्हणणं. उत्तर ते समक्ष ऐकणार होते.

श्रीकांतला इथलं विमानाच्या कारखान्यातलं काम सोडायचं नव्हतं. पण प्रमोदिनीला काय हवंय ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची छाती होत नव्हती. पुण्याचा विषय निघाला की ती "बघू" म्हणायची आणि तांदूळ निवडायला घ्यायची. दोन वर्षं सायकलच्या कॅरिअरवर बसून हिंडलेली बायको "बघू" म्हणते, तेव्हा ते जमेच्या बाजूला मांडायचं की खर्चाच्या, हे इंजिनिअर असून त्याला सुटलं नव्हतं. सासऱ्यांनी निदान लेकीला मोटारीत बसलेली बघावी, एवढंच त्यानं ठरवलं.

मल्लाप्पा त्यांच्याच वस्तीत, हलसुरात राहायचा. मूळचा बेळगावकडचा, त्यामुळे मराठी घरचंच, वर कानडीची फोडणी. त्याची गाडी लढाईच्या आधीची, काळी, पोटानं सुटलेली. नाव भाग्यलक्ष्मी. तो गाडी भाड्यानं देतो असं लोक म्हणत; खरं म्हणजे तो लेकीची पाठवणी करावी तशी ती देई आणि पाठराखीण म्हणून स्वतः सोबत जाई.

"साहेब, डोक्याला तेल लावून बसायचं नाही. गादीला डाग पडतो."

"बरं."

"खिडकीची काच मीच वर-खाली करणार. दार मीच लावणार. तुम्ही आपटता."

"मी कधी आपटलं?"

"अजून नाही आपटलं. पण सगळेच आपटतात."

श्रीकांतनं हेही गिळलं. मग मल्लाप्पानं विचारलं, "शनिवारी आगगाडी किती वाजता येते?"

"साडेनऊला."

मल्लाप्पानं गाडीच्या टपावरून हात फिरवला. "शनिवारी नऊ ते साडेदहा राहुकाळ. त्या वेळात मी लक्ष्मीला घराबाहेर काढत नाही."

"मग सासऱ्यांना काय साडेदहापर्यंत फलाटावर बसवून ठेवू?"

"नऊच्या आधी निघू. इंजिन बंद करायचं नाही. चालू झालेल्या प्रवासाला राहू काही करत नाही."

"म्हणजे स्टेशनावर इंजिन तसंच चालू ठेवायचं? आणि पेट्रोल?"

"ते गिऱ्हाइकाकडं," मल्लाप्पा म्हणाला. राहूनं स्वतः येऊन ठरवून दिल्यासारखा त्याचा चेहरा होता.

शनिवारी ते नऊच्या आत निघाले. प्रमोदिनी हसत मागं बसली, "अण्णा, आज तेल लावलेलं नाही हं," मल्लाप्पाला म्हणाली. मल्लाप्पानं तिच्यासाठी गादीवर धुतलेला टॉवेल पसरला होता. श्रीकांतच्या बाजूला नव्हता.

मिरजेकडची गाडी उशिरा आली. स्टेशनबाहेर भाग्यलक्ष्मी धडधडत, थरथरत उभी राहिली, आणि तिच्या प्रत्येक धडधडीबरोबर आपल्या खिशातून पेट्रोल जळतंय हे श्रीकांतला ऐकू येत राहिलं. मल्हारराव अखेर आले: काळी टोपी, वळकटी, लोणच्याची बरणी. मोटार पाहून भुवई वर गेली. ती चांगल्या अर्थानं वर गेली असं श्रीकांतनं धरलं.

"पण इंजिन का चालू?" मल्हाररावांनी बसल्या बसल्या विचारलं.

श्रीकांतनं राहुकाळ सांगितला. मल्हारराव हसले. "काय खुळी समजूत! या दक्षिणेकडच्या लोकांचं एकेक!" हेच गृहस्थ अमावास्या आली म्हणून निघण्याचा दिवस पुढं ढकलून आले होते; पण ती समजूत त्यांच्या हिशेबी शास्त्रात मोडत होती.

चिकपेटच्या गर्दीत हातगाड्या, सायकली आणि कापडाचे गठ्ठे वाहणारे हमाल यांनी गाडी चारी बाजूंनी घेरली. भाग्यलक्ष्मीनं आधी गरम वाफ सोडली, मग एक उसासा, आणि ती गप्प झाली.

मल्लाप्पानं खाली उतरून पुढचं झाकण उघडलं, पाणी ओतलं, झाकण लावलं, आणि शांतपणे पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसला.

"लावा ना आता," श्रीकांत म्हणाला.

"साडेदहानंतर."

"अहो, आपला प्रवास चालूच आहे!"

"बंद पडला म्हणजे संपला. आता लावलं तर तो नवीन प्रवास. राहूत नवीन काही नाही."

"मग आम्ही उतरून घोड्याचा जटका करतो."

"जटक्यात बसलात तर तोही नवीन प्रवास." मल्लाप्पा मागं वळला. "मामलेदारसाहेब पहिल्यांदा आलेत. त्यांना मी राहूत सोडू? शक्य नाही. लेक काय म्हणेल?"

"अण्णांचं बरोबर आहे," लेक म्हणाली. "आणि पाणी तुम्ही सकाळी बघितलं नाहीत, अण्णा. लक्ष्मीवर रागावू नका."

"सरी, खरं आहे, अक्का. चूक झाली."

श्रीकांतला कळेना की तिनं कोणाची बाजू घेतली. आपली नव्हती, एवढं नक्की.

तेवढ्यात मोगऱ्याच्या गजऱ्यांची टोपली घेऊन एक फुलवाली खिडकीशी आली. इथं गजरा हातानं मोजून देतात, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक माप. फुलवालीनं मोजलं आणि प्रमोदिनीनं कानडीत तिची हजेरी घ्यायला सुरुवात केली. मल्हाररावांना शब्द कळले नाहीत, पण भांडण कोणत्याही भाषेत कळतं.

"काय म्हणतेय ती?" त्यांनी जावयाला विचारलं. जावयानं मल्लाप्पाकडं पाहिलं, आणि अर्थ मल्लाप्पानं सांगितला.

"म्हणतेय, मोजताना तू मूठ मिटतेस, बोटांपर्यंत पोचतच नाहीस. गेल्या शनिवारीही असंच केलंस."

प्रमोदिनीनं खिडकीतून स्वतःचा हात बाहेर काढला. माझ्या हातानं मोज, असं ती म्हणाली असावी. फुलवाली कपाळाला हात लावून काहीतरी बोलली. शेजारचा कापडवाला हसला. प्रमोदिनीही हसली. मोजणी प्रमोदिनीच्याच हातानं झाली, आणि वर हातभर गजरा फुलवालीनं तिच्या केसांत स्वतः खोवला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

मल्हारराव बघत राहिले. "ही सांगलीत दुकानात जायची तर आईच्या पदराआड उभी राहायची," ते हळूच म्हणाले. "साखर मागायला मी जायचो."

"इथं मलासुद्धा तीच मागून आणून देते," श्रीकांत म्हणाला. त्याला कानडी दोन वर्षांत "स्वल्प"च्या पुढं आलेली नव्हती.

मल्हाररावांनी घसा साफ केला. मामलेदारी आवाज आला. "प्रमोदिनी, पुण्याचं काय? खंडोजीला मला उत्तर द्यायचंय."

श्रीकांतचा हात दाराकडं गेला. गाडीत बसून राहण्याची त्याची अडचण आता वेगळीच झाली होती. पळायला दारसुद्धा मल्लाप्पाच्या ताब्यात.

"यांनी मला विचारलंच नाही," प्रमोदिनी म्हणाली.

"मी विचारणार होतो..."

"केव्हा? राहुकाळ संपल्यावर?" तिनं गजऱ्याचा दुसरा तुकडा वडिलांच्या हातात ठेवला. "बाबा, पुण्याला सगळं आपलंच. आत्या आहे, काका आहेत. कोणाशी बोलायचं झालं तर माझ्या वतीनं कोणी ना कोणी पुढं होईल. इथं आले तेव्हा महिनाभर मी रडले. आता इथं माझं मीच बोलते. मला नाही जायचं."

पुढं बसलेला मल्लाप्पा आरसा पुसत होता. तो आधीच स्वच्छ होता.

साडेदहा झाले. मल्लाप्पानं नमस्कार करून बटण दाबलं. भाग्यलक्ष्मी खोकली आणि पुन्हा गप्प. "धक्का लागेल, साहेब. स्वल्प."

श्रीकांत उतरला. दुसऱ्या दारानं मल्हाररावही उतरले. दार त्यांनी आपटलं, आणि मल्लाप्पानं डोळे मिटून ते सोसलं. दोघं मागं खांद्याला खांदा लावून उभे राहिले. मामलेदारांनी आयुष्यात इतरांच्या हातून बरंच काही ढकलून घेतलं होतं, स्वतः पहिल्यांदाच ढकलत होते.

"श्रीकांतराव," ते धापा टाकत म्हणाले, "खंडोजीला मी नाही म्हणून कळवतो."

"जी."

"आणि घरात कुठलीही गोष्ट ठरवायची असली, की आधी तिला विचारत जा."

"जी."

"नुसतं जी नको. ढकला!"

इंजिन लागलं. मल्हारराव थांबले, टोपी सारखी करू लागले. श्रीकांत मात्र तसाच वाकून ढकलत चिकपेटभर पळत सुटला, आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून प्रमोदिनी ओरडत होती, "अहो, पुरे! पुरे! आता बसा आत!"