आणणाऱ्याचं नाव

"घ्या, सापडला!" शालिकरामनं केसपेपर टेबलावर आपटला, तेव्हा कॉम्प्युटरच्या पडद्यावर हिरवी खूण नुसती लुकलुकत होती. मशीन अजून पहिल्या नावापासून सगळी यादी वाचत बसलं होतं. मोठे डॉक्टर हसले, नर्स हसल्या आणि मशीन घेऊन पुण्याहून आलेल्या बक्षीसाहेबाचं तोंड एवढंसं झालं.

सक्करदऱ्याच्या त्या दवाखान्यात शालिकराम धकाते सव्वीस वर्षं रेकॉर्ड सांभाळत होता. घरचे माग बंद पडले तेव्हा ही खुर्ची मिळाली आणि खुर्चीनंच त्याला चार माणसांत बसवलं. डॉक्टरांनी साफ सांगितलं, "पंधरा दिवसांनी पुन्हा बघू. मशीन हरलं तर परत पाठवू. जिंकलं तर तुमची रेकॉर्डरूम बंद."

दुसऱ्या दिवशी बक्षी स्वतः चहा घेऊन आला. "काका, हे तुम्ही करता तरी कसं?"

सव्वीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं हो! शालिकराम पार विरघळला.

"साहेब, तुमी सारंच एका तक्त्यात कोंबून राहिले. पेशंट अलग ठेवा, त्याच्या भेटी अलग, नावं अलग. जोडायले फक्त नंबर, तो बदलत नाई. बाईचं नाव लग्नात बदलते, म्हणून माहेरचं-सासरचं दोन्ही घ्या. अन् पेशंटले आणणाऱ्याचं नाव कधी सोडू नका. एकेका नावाची यादी लावून ठेवा, मंग मशीनले पूरं वाचाचं कामच नाई."

बक्षी भराभरा लिहून घेत होता.

"काहून सांगून राहिले तुमी त्याले?" घरी बायकोनं, अनुसयेनं, कपाळाला हात लावला. "आपल्याच पोटावर पाय?"

"अवं, एवढा शिकलेला माणूस मले विचारून राहिला!" मूर्ख कुठला! त्या रात्री तो दोन भाकरी जास्त जेवला.

दोन आठवड्यांत टायपिस्ट बायांनी झाडून सगळे पेपर मशीनमध्ये भरले. दुसऱ्या सामन्याला सारा दवाखाना रेकॉर्डरूममध्ये जमला. चार नावं झाली, चारही वेळा मशीन पुढे.

डॉक्टरांना गंमत वाटत होती. "शेवटचं नाव तुम्हीच सांगा, धकाते. हे नाही सापडलं तर खुर्ची तुमचीच."

मशीनला सापडणार नाही असं एकच नाव त्याला ठाऊक होतं. त्याची पोरगी शामला. उमरेडच्या सासरी तिची प्रेमिला झाली आणि तीन वर्षांत जळून इथंच पाच नंबरच्या वॉर्डात आली. ती गेल्यावर तिचा पेपर शालिकरामनं स्वतःच लावला, पण रागानं सासरचं नाव खोडून टाकलं. घरात तिचं नाव कुणी काढत नसे. आज खुर्चीपायी तो तिला चव्हाट्यावर मांडायला निघाला होता आणि ते त्याला पुरतं कळत होतं.

"प्रेमिला लहानू हेडाऊ, उमरेड," तो म्हणाला.

बक्षीनं टाइप केलं. काहीच आलं नाही. शालिकरामच्या जिवात जीव आला.

"थांबा, काकांचीच युक्ती," बक्षी म्हणाला आणि आणणाऱ्याच्या जागी त्यानं नवऱ्याचं नाव, लहानू हेडाऊ, लिहिलं. पेपरच्या पाठीवर पोलिसानं नोंदलेलं ते नाव शालिकरामकडून खोडायचं राहून गेलं होतं.

"सहा सेकंद!" डॉक्टर ओरडले. टाळ्या पडल्या.

"शामला," बक्षी पडद्यावरची इंग्रजी अक्षरं वाचू लागला, "शालिकराम..." तो अडखळला. त्यानं शालिकरामकडं पाहिलं. पण डॉक्टर वाट पाहत होते, म्हणून त्यानं पुढचं वाचलं. "धकाते. वय बावीस. भाजलेली. मृत."

टाळ्या थांबल्या. कुणीतरी खोकलं.

"छापून द्या त्यांना," डॉक्टर घड्याळ बघत म्हणाले. "सल्ला शेवटी त्यांचाच."

प्रिंटर करकरला. शालिकरामनं कागद डोळ्यांजवळ नेला, एकेक आकड्यावर बोट ठेवत नंबर तपासला.

"बरोबर हाय, साहेब."

तो बसायला वळला. त्याच्या खुर्चीवर प्रिंटरचं रिकामं खोकं ठेवलेलं होतं. ते खाली ठेवू की नको, हे त्याला कुणाला विचारावं समजेना. तो तसाच उभा राहिला.