विशाखाबाईंचं वैर

फाल्गुनातल्या कोरड्या दुपारी आधी स्पिरिटचा थंड, उग्र वास ओट्यावर येई, मग चपलांचा फटफट आवाज, आणि मग कडीला हातही न लावता दिलेली एक घोगरी हाक: "सर, पोरगी घरात हाये का?" रस्त्याकडेचे पळस तेव्हा पेटलेले असत, कपाशीची पऱ्हाटी उपटलेली काळी रानं भेगाळून पडलेली असत, आणि त्या रखरखाटातून खांद्याला लशीचा निळा डबा अडकवून विशाखाबाई चालत येत. उभट सावळा चेहरा, आवळून बांधलेला अंबाडा, आणि भुवयांमध्ये कायम एक आठी.

त्या आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रातल्या परिचारिका. आमचं गाव पिंपळगाव राजापासून फार लांब नाही. मी इथल्या हायस्कुलात मराठी शिकवतो. त्यांच्याविषयी गोड लिहायचा मी अनेकदा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी कागद फाडला. त्या गोड नव्हत्या. आयांना रागावत, बापांना चारचौघांत सुनावत, आणि ज्या घरात लेकराची सुई चुकली असेल त्या घराशी त्यांचं उघड वैर असे. त्या वैरात माझं घर पहिलं होतं.

माझी रेवा दीड महिन्याची असताना तिला पहिली सुई टोचली गेली. दोन दिवस अंग तापलं, मांडीवर सुपारीएवढी गाठ आली. माझी बायको माधवी घाबरली आणि मी संतापलो. त्यानंतर एकही सुई मी देऊ दिली नाही.

"ताप आला म्हून सुई बंद?" त्यांनी ओट्यासमोर उभं राहून विचारलं होतं.

"मुलगी माझी आहे. काय करायचं ते मी ठरवीन."

"सर, तो ताप आजाराचा नव्हता. सुईतून आपण अंगाले आजाराचा निसता चेहरा दाखवतो. अंग त्याले पाह्यते, त्याच्याशी भांडाले शिकते, म्हून तापते. मंग रक्तातल्या काही पेशी तो चेहरा वर्सानुवर्स ध्यानात ठेवतात. खरा आजार आला का पह्यल्याच दिवशी त्याची गचांडी धरतात. तुमी पोरीचं हे शिकणंच बंद करून राह्यले."

"शिकवायचं काम माझं आहे. तुम्ही मला शिकवू नका."

त्या निघून गेल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा आल्या. त्याच्या पुढच्याही. जवळजवळ चार वर्षं त्या येत राहिल्या आणि मी नकार देत राहिलो. आज एक गोष्ट कबूल केल्यावाचून पुढे लिहिता येत नाही. त्या चार वर्षांत मी त्यांना एकदाही आत बोलावलं नाही. दुसरं कुणी आलं असतं, तर खुर्ची दिली असती, चहा सांगितला असता. विशाखाबाई बौद्धवाड्यातल्या होत्या. माझं भांडण सुईशी आहे असं मी स्वतःला बजावत असे; पण सुई दुसऱ्या हातातली असती तर मी इतका ताठलो असतो का, या प्रश्नाकडे मी कधी मान वळवली नाही. परक्याला ओळखून बाहेर ठेवणं हे शरीराचं पुरातन ज्ञान. माझ्यात मात्र ते ज्ञान सडून अहंकार झालं होतं, आणि खऱ्या शत्रूसाठी मी दार सताड उघडं ठेवलं होतं.

रेवा चार वर्षांची असताना, फाल्गुनातच, तिला ताप भरला. नाक वाहत होतं, डोळे लाल झाले होते, कोरडा खोकला थांबत नव्हता. खामगावला न्यायला त्या दिवशी गाडी मिळेना. माधवीनं मुलीला उचललं आणि म्हणाली, "तुम्ही येत असाल तर या. मी उपकेंद्रात चालले." मी मागे गेलो.

दुपार उतरली होती. झळा नकोत म्हणून खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. आत विशाखाबाईंची मुलगी करुणा बसली होती. जळगाव जामोदला दिलेली ती मुलगी चार दिवसांसाठी माहेरी आली होती आणि पाच महिन्यांच्या बाळाचं वजन करायला त्याला इथे घेऊन आली होती. रेवा तिच्या शेजारी बसली. तिनं बाळाची बोटं धरली, खोकतच हसली. बाळानंही तिच्याकडे टुकूटुकू पाहिलं.

विशाखाबाई आतल्या खोलीतून आल्या. मला पाहून भुवयांमधली आठी खोल झाली. पण रेवाचा चेहरा दिसताच त्यांनी टॉर्च उचलला आणि तिचं तोंड उघडलं. गालाच्या आतल्या बाजूला रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके होते. त्या ताडकन सरळ झाल्या.

"करुणा, बाहेर जाय! लेकराले घे न् अगोदर बाहेर जाय!"

मी आजवर त्यांचा राग ऐकला होता. त्या आवाजातली भीती पहिल्यांदा ऐकली. करुणा गोंधळून बाळाला पदराखाली घेत बाहेर पळाली. विशाखाबाईंनी एकेक खिडकी उघडली. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "गोवर हाये. दोन दिवसांत अंगावर उठंल."

"बाळाला काही...?" माधवीनं विचारलं.

"त्याची सुई नवव्या महिन्यात. आईकडून पोटात असताना मिळालेलं बळ आता सरत आलं. मधातल्या या दिवसांत त्याले कोन राखते? आजूबाजूची लेकरं. त्याह्यले आजार झाला नाई, तं याच्यापर्यंत पोचत नाई." मग त्या वळल्या. "तुमची पोरगी त्याची राखण होती, सर."

रेवाच्या अंगावर पुरळ उठलं. विशाखाबाई लागोपाठ दोन दिवस येऊन अ जीवनसत्त्वाचं औषध तिच्या तोंडात घालून गेल्या. माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. रेवाचा ताप उतरला. त्यानंतर आठवड्याभरात करुणाचं बाळ तापलं. पुरळ उठलं, मग न्यूमोनिया झाला. खामगावच्या दवाखान्यात पाचव्या दिवशी ते गेलं.

मी त्यांच्या घरी गेलो नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि परतलो. कोणत्या तोंडानं काय बोलणार होतो?

गोवर आमच्या घरातून गेला, असं मला वाटलं होतं. पण त्यानंतर रेवाचा कान वाहू लागला. मग जुलाब झाले. ज्येष्ठात छाती भरली आणि आठ दिवस खामगावला काढावे लागले. एकेक आजार, जणू मुलीचा पत्ता हाती लागल्यासारखा, येत राहिला. ती वाळून काडी झाली.

आषाढातल्या एका सकाळी ओट्याखालून हाक आली: "सर, पोरगी घरात हाये का?"

मी दार उघडलं. विशाखाबाई निम्म्या झाल्या होत्या. डबा मात्र खांद्याला होता. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "आत या ना. बसा."

"इतकी वर्सं नाई बोलावलं. आता नका बोलावू. पोरीले इथंच आणा."

माधवी रेवाला घेऊन आली. विशाखाबाईंनी तिचे डोळे पाहिले, कान पाहिला, हाडकुळा दंड बोटांत धरून पाहिला.

"गोवर निसता येऊन जात नाई," त्या माधवीला म्हणाल्या. "अंगानं आजपर्यंत जे जे आजार ओळखून ध्यानात ठेवले असतात, त्यातलं बरंच तो पुसून टाकते. म्हून हे सारं मांगून येऊन राह्यलं. आता अंगाले पुन्हा शिकवा लागंल. राह्यलेल्या साऱ्या सुया मी देतो. महिन्या-महिन्यानं येईन."

"बाई," मी म्हणालो, "मला माफ..."

"नाई." त्यांनी सुई भरता भरताच म्हटलं. आवाज चढला नव्हता. "तुमाले माफ केलं नाई. कधी करनार पन नाई. मी पोरीसाठी येऊन राह्यली. तिचा काय गुन्हा?"

रेवा रडली. त्यांनी तिच्या दंडावर कापूस दाबून धरला, आणि त्या एका क्षणापुरती भुवयांमधली ती आठी विरघळली. मग त्यांनी डबा खांद्याला लावला आणि माझ्याकडे न पाहता उतरून गेल्या. त्या रात्री ताप आला, तेव्हा मी रेवाच्या कपाळावर हात ठेवून बसलो आणि पहिल्यांदाच त्या उष्णतेला भ्यालो नाही.

त्या दर महिन्याला आल्या. एकही खेप चुकली नाही, एकाही खेपेला त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. शेवटची सुई झाली त्या वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि करुणाकडे राहायला गेल्या. त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमाला मी मागच्या रांगेत उभा होतो. त्यांनी पाहिलं, आणि नजर पुढे नेली.

रेवा आता दहा वर्षांची आहे. धावते, भांडते, पावसात भिजून येते आणि साधं शिंकतही नाही. तिला विशाखाबाई आठवत नाहीत, आणि एका बंद खोलीत आपण कुणाची बोटं धरली होती, हेही आठवत नाही. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. करुणाचं बाळ आज सहा वर्षांचं असतं. त्याचं नाव मी तेव्हा विचारलं नाही, आणि आता विचारण्याचा अधिकार मला उरलेला नाही. पळस फुलले की मी फक्त त्या निनावी अभावाचं वय एका वर्षानं वाढवतो, कारण मृत्यूनं थांबवलेला काळ कुणाच्या तरी स्मृतीला पुढे चालवावाच लागतो.